डावा खांदा, उजवा डोळा

३ सप्टेंबर

आणि त्या लांडग्याला मी काही मुद्दाम सोडला नव्हता. चार वर्षं होत आली, तरी बाबांची गाडी तिथेच अडकलीय. आज फोनवर मी एवढंच विचारलं, "मेंढवाड्याचं कसं काय?" तर म्हणतात, "राखणाऱ्याचा नेम बरा असला की वाड्याचं बरंच असतं." हा टोला कुणाला? न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे? म्हटलं, "बाबा, त्या दिवशी धुकं होतं." म्हणाले, "धुकं मलाही होतंच की," आणि फोन अक्काच्या हातात दिला.

अक्का, माझी मोठी बहीण, शेजारच्याच घरात दिलीय. बाबांचं जेवणखाण तीच बघते आणि आमच्या दोघांतली वकिलीही तीच करते. म्हणाली, "अरे, तू तरी कशाला उकरून काढतोस?"

मी उकरून काढतो!

हे सगळं लिहून काढायला मला वेल्डरने सांगितलं. आम्ही तिघं एका खोलीत राहतो. तो म्हणतो, मनातलं कुठेतरी ओकत जा, नाहीतर तू झोपेत भांडतोस आणि आम्हाला तुझ्या बापाची बाजू घ्यावी लागते. शाळा मी सातवीतच सोडली, अक्षर बघून हसू येतं. पण बघायला कोण येतंय.

७ सप्टेंबर

वखारीत नवे ओंडके आले. दिवसभर फळ्यांचे थर रचले. प्रत्येक थराच्या मध्ये पट्ट्या ठेवायच्या, आणि खालच्या पट्टीवरच वरची पट्टी यायला हवी. नाहीतर फळी वाळता वाळता पिळवटते आणि मग मुकादम आपल्याला पिळतो.

येताना बाजाराच्या रस्त्याने आलो. गळ, तंबू, चाकू विकणारं एक दुकान आहे, त्याच्या काचेत एक रायफल उभी करून ठेवलीय. कंपनीची, बोल्टची. आमच्या घरी आहे ती ठासणीची, गावच्या लोहाराने केलेली, नळीत दारू आणि गोळी ठासायची आणि एक बार झाला की लांडग्याला हात जोडायचे, बाबा रे, जरा थांब, परत भरतो. हिला बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला की दुसरी गोळी तयार. दस्ता अक्रोडाचा आहे. लाकूड मला कळतं. रेषा कशा नळीच्या दिशेने सरळ धावतायत, एक गाठ नाही. असा तुकडा आमच्या वखारीत निघाला तर मुकादम घरी घेऊन जाईल.

किंमत बावन्नशे. मी इथे आल्यापासून पोटाला चिमटा काढून साठवलेत ते सगळे मिळून जेमतेम अठ्ठेचाळीसशे.

वेल्डर म्हणाला, "एवढा उशीर?"

मी सांगितलं.

"म्हणजे मुलगी बघून आलास की. रंग कसाय?"

"काळा. दस्ता तपकिरी."

"उंची?"

"माझ्या छातीपर्यंत."

"देणंघेणं?"

"बावन्नशे."

"मग राहू दे. माझ्याशी लग्न कर, मी फुकट आहे. स्वयंपाकपण येतो."

हसून हसून पुरेवाट झाली. पण अंथरुणावर पडल्यावर मला तीच दिसत होती. म्हणजे ती खांद्याला लावून मी आमच्या टेकडीची ती चढण चढतोय असं. वर वाड्याच्या फाटकाशी त्यांच्या त्या दगडावर बाबा बसलेत. त्यांनी काही बोलायचीही गरज नाही. नुसतं सरकून बाजूला जागा करावी.

१२ सप्टेंबर

अक्काचा फोन. थंडी यंदा लवकर आली आणि लांडगे आताच खाली उतरायला लागलेत. आमच्या गावात हिवाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या एकाच वाड्यात असतात आणि राखण बाबांकडे. बदल्यात प्रत्येक घर लोकर देतं. आईच्या वेळेपासून असंच चालत आलंय. आता गावातल्याच ट्रकवाल्याच्या जावयाने कंपनीची रायफल घेतलीय, आणि लोक कुजबुजतायत की म्हाताऱ्याला विश्रांती द्यावी.

"बाबा काय म्हणतात?"

"काय म्हणणार. हल्ली बोलणंच कमी झालंय त्यांचं. संध्याकाळी फाटकात बसतात आणि एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत सोडतात. पूर्वी नुसती लांबून काठी दाखवायचे, आठवतं?"

आठवतं. म्हातारपणी माया फुटली असेल. माझ्या पाठीवर कधी हात ठेवलेला मला आठवत नाही, पण मेंढ्यांचं नशीब.

"आणि बंदूक?"

"वाजवतात की. पण नुसती दारू ठासतात, आवाजापुरती. गोळी घालत नाहीत. म्हणतात, गोळ्या महाग झाल्या."

याला काय म्हणावं? मी दर महिन्याला न चुकता चारशे पाठवतो, त्यात गोळ्या येत नाहीत? हा माणूस चिकटपणा करून स्वतःची राखण घालवणार. आणि मग ती राखण गेली की चार वर्षांपूर्वीचा लांडगा काढून परत माझ्याच डोक्यावर बसवणार.

त्या दिवसाचं एकदा लिहूनच टाकतो. बाबा वरच्या बाजूला मेंढ्या आवरत होते आणि मला बंदूक देऊन खालच्या वाटेवर उभं केलं होतं. लांडगा माझ्या समोरून गेला. पळतसुद्धा नव्हता, चालत होता. मी बार काढला आणि गोळी उजवीकडच्या खडकावर जाऊन आपटली. माझी गोळी नेहमी उजवीकडेच जायची. त्याने सात मेंढ्या फाडल्या. अख्खं गाव फाटकाशी जमलं होतं आणि सगळ्यांच्या देखत बाबा म्हणाले, "याच्या हाताला बंदूक लागायची नाही. याने बाहेर जाऊन कमवावं." त्याच महिन्यात मी इकडे आलो.

२० सप्टेंबर

आज हिय्या करून दुकानात शिरलो. दुकानदार म्हातारा आहे, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. मला वाटलं कपडे बघून बाहेर काढेल. पण त्याने रायफल काढली, बोल्ट उघडून रिकामी असल्याचं स्वतः बघितलं, मला दाखवलं आणि हातात दिली.

"लाव खांद्याला. त्या भिंतीवरच्या घड्याळावर."

मी लावली. तो हसायला लागला.

"डावखुरा आहेस?"

"नाही."

"लिहितोस कुठल्या हाताने?"

"उजव्या. पण लिहितो कमीच."

"मग डाव्या खांद्याला का लावलीस? बोल्ट बघ कुठे आलाय. प्रत्येक गोळीला हात वरून पलीकडे नेशील, तोवर सावज घरी जाऊन झोपेल."

मी म्हटलं, आमच्या घरी अशीच धरतात. आमच्या बंदुकीचा घोडाच डाव्या अंगाला आहे, लोहाराने तशीच केलीय. त्यावर त्याने भुवया वर केल्या. मग म्हणाला, दोन्ही हात पुढे कर, तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी ठेव, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून घड्याळ बघ. बघितलं. आता डावा डोळा मीट. मिटला. घड्याळ जागच्या जागी. आता उजवा मीट. मिटला, तर घड्याळ गायब! समोर नुसती भिंत.

"तुझा मालक उजवा डोळा आहे," तो म्हणाला. "डाव्या खांद्यावरून मारतोस आणि बघतोस उजव्या डोळ्याने. गोळी उजवीकडे जात असेल."

मी परत एकदा उजवा मिटून बघितला. त्याने मला स्टूल दिलं.

२१ सप्टेंबर

कामात लक्ष नव्हतं. मुकादम दोनदा ओरडला.

बाबांनी मला शिकवलं ते डोळ्यांसमोरून जात नाही. टेकडीमागे डबा ठेवायचा. ते आधी धरून दाखवायचे आणि मी तसंच धरायचो. मी एक डोळा मिटायला गेलो की डोक्यात टपली. "दोन्ही उघडे ठेव. मिटलेल्या डोळ्याच्या बाजूनेच लांडगा येतो." मी ठेवायचो. आणि डब्याच्या उजवीकडची माती उडायची.

पण बाबाही डावखुरे नाहीत. जेवतात उजव्या हाताने, कुऱ्हाड उजवी. मग बंदूकच डावी का? त्यांचं सगळंच उलटं. उजवीकडून कोणी हाक मारली तर डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणार नाहीत, अख्खी मान वळवून बघतील, जसा काही राजाच. गावात त्यामुळे त्यांना ताठर म्हणतात.

२८ सप्टेंबर

आज वखार बंद होती. दुकानदार मला त्याच्या गाडीतून जुन्या दगडाच्या खाणीत घेऊन गेला. तिथे नेमबाजीला परवानगी आहे. येताना त्याने तीच रायफल आणली होती. म्हणाला, "न मारता कोणी घेऊ नये. मी विकत नाही अशी."

उजव्या खांद्यावर ती परक्याच्या घरात गेल्यासारखी वाटत होती. गाल कुठे टेकवायचा ते कळेना. पहिली गोळी कुठे गेली देव जाणे. दुसरी कागदाच्या कडेला. मग तो म्हणाला, विचार करू नकोस, नुसतं बघ. मी नुसतं बघितलं. तिसरी मधल्या काळ्या गोलात. चौथीही. पाचवी मारली तेव्हा म्हाताऱ्याने दुर्बीण खाली ठेवली आणि मलाच बघत बसला.

"इतकी वर्षं काय करत होतास रे?"

"फळ्या रचत होतो."

गाडीत बसल्यावर खूप आनंद झाला. खोलीवर पोचेपर्यंत त्याचा नुसता राग झाला होता.

२९ सप्टेंबर

फोन केला. अक्काला म्हटलं, बाबांना दे. आणि सगळं एका दमात सांगितलं, उजवा डोळा, घड्याळ, खाण, पाच गोळ्या. "माझा हात खराब नव्हता, बाबा. तुम्ही शिकवलंत चुकीचं."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काम नीट कर. मशिनीपासून हात जपत जा."

आणि फोन परत अक्काकडे. झालं. एवढंच.

५ ऑक्टोबर

बाबांनी स्वतःहून फोन केला. जन्मात पहिल्यांदा. जेवणाच्या सुट्टीत, भुशाच्या ढिगामागे उभा राहून घेतला.

"अक्काने लावून दिलाय. ती बाहेर गेलीय, लवकर सांगतो. ऐकतोयस?"

"हो."

"माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. मेंढ्याची ढुशी बसली होती. वरून कळत नाही. आत काही नाही."

"कुणाला माहितीय?"

"तुझ्या आईला होतं. लोहाराला सांगावं लागलं, घोडा त्या बाजूला लावून घ्यायचा होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"एका डोळ्याच्या माणसाच्या हवाली कोण मेंढ्या करेल? तू लहान होतास, खेळता खेळता कुठेतरी बोलला असतास."

"मग मोठा झालो ना मी."

"हं. मोठा झालास तेव्हा वाटलं, आता काय सांगायचं." मागे एक मेंढी ओरडली. "मला सवयच झाली होती रे. बंदुकीला दुसरी बाजू असते हे मीच विसरलो होतो. मला वाटायचं, पोराचं लक्ष नसतं."

मी म्हटलं, सुट्टी संपली. खरं तर अजून बराच वेळ होता.

८ ऑक्टोबर

नाही घेणार रायफल. कुणासाठी घ्यायची? चार वर्षं मी मान खाली घालून राहिलो. इथे कोणी पोरं नेम धरून बाटल्या फोडायला लागली तरी मी उठून जायचो. आणि यांना माहीत होतं! म्हणजे, माहीत नव्हतं म्हणतात, पण डोळा तर त्यांचाच होता ना? फाटकाशी उभे असताना एक शब्द बोलले असते तर माझं बूड गावातून हललं नसतं. माझा भाचा रांगायला लागला, चालायला लागला, मी काही बघितलं नाही. त्यांनी त्यांचा वाडा सांभाळावा. मी दर महिन्याचे चारशे टाकत राहीन. आणखी काय पाहिजे?

वेल्डर म्हणाला, "म्हणजे सोयरीक मोडली?"

"मोडली."

"मग रोज त्या रस्त्याने कशाला येतोस? आपली खोली दुसरीकडून जवळ पडते."

त्याला म्हटलं, तू तुझ्या कढईकडे बघ.

१५ ऑक्टोबर

अक्काचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती ते आधी कळेना. राखणीचं ठरवायला काल गाव बसलं होतं. ट्रकवाल्याच्या जावयाचं नाव पुढे आलं. सगळे म्हणाले, म्हातारा आता आवाजच करतो, मारत नाही. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, पोराने तरी काय दिवे लावले, सात मेंढ्या घालवल्या.

"त्यावर बाबा उठले," अक्का म्हणाली. "इतका वेळ गप्प होते. तुझं नाव निघालं आणि उठले. म्हणाले, मला एकच डोळा आहे. उजवा नाही. तुम्हा सगळ्यांपासून लपवलं. म्हणून मी डाव्या खांद्यावर मारतो आणि पोरालाही तसंच शिकवलं. त्याचा उजवा डोळा चांगला आहे, उजव्या खांद्यावर त्याचा नेम चुकत नाही. त्या मेंढ्या त्याने नाही, मी घालवल्या."

"असं म्हणाले?"

"शब्द न् शब्द. मीही तेव्हाच ऐकलं रे! इतकी वर्षं जेवायला वाढतेय मी त्यांना."

"मग लोक?"

"लोक काय, तोंडात मारल्यासारखे बसले. शेवटी तो जावईच म्हणाला, इतके हिवाळे एका डोळ्याने राखलं असेल तर पहिला बर्फ पडेपर्यंत राखू द्या, पुढचं पुढे. मग कोणीतरी विचारलं, तुमचा पोरगा येणार आहे का?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ते त्याचं त्याने बघावं."

मी म्हटलं, त्यांना फोन दे. ती म्हणाली, ते वाड्यावर गेलेत, आता दिवस मावळायच्या आधीच जातात, वाट पायाखालची आहे तरी काठी घेऊन जातात. मग म्हणाली, "तू काही मनावर घेऊ नकोस. तुझं तिकडे चांगलं बस्तान बसलंय. बाबाच म्हणत होते, त्याला बोलावू नकोस."

त्याला बोलावू नकोस. म्हणजे बोलावण्याचा विषय निघाला होता. कुणी काढला असेल? अक्काने? की त्यांनीच काढला आणि त्यांनीच मिटवला?

१६ ऑक्टोबर

आज फळ्या रचताना सारखा आमच्या टेकडीचा वास येत होता. इथे सगळा भुसा, तिथे ओली लोकर, तरीही येत होता. बाबा त्या सगळ्यांसमोर उभे राहून कसे बोलले असतील? हात कुठे ठेवला असेल? मला त्या वेळी तिथे असायला हवं होतं. कोपऱ्यात, कुणाला न दिसता.

१९ ऑक्टोबर

घेतली.

घरच्या परवान्यावर बाबांच्या जोडीला माझंही नाव आहेच. पोलीस ठाण्यातला होकार यायला तीन दिवस लागले, तोवर दुकानदाराने ती काचेतून काढून आत ठेवली होती. मला म्हणाला, "गिऱ्हाईक येऊन गेलं दुसरं." खोटं बोलत होता की खरं, कोण जाणे. मग त्याने बोल्ट काढून, पुसून, तेलाचं बोट फिरवून परत बसवला. हळूच विचारलं, "वडिलांनाही उजव्या खांद्यावर शिकवणार का आता?"

मी त्याला डोळ्याचं सांगितलं. तो बराच वेळ चष्म्याची दोरी ओढत राहिला. "आणि डावा कसाय?" म्हणाला.

"डावा एकदम कडक. लांबून बघून सांगायचे कुठली मेंढी कुणाची."

"हल्ली सांगतात?"

मी म्हटलं, सांगतच असतील. त्याने गोळ्यांचं एक खोकं वरून ठेवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मुकादमाला महिनाअखेरीस जातो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "हिवाळा काढलास तर बक्षिसी आहे, येडा आहेस का?" म्हटलं, हिवाळ्यासाठीच जायचंय. वेल्डरने रायफल हातात घेऊन बघितली, मग नीट कापडात गुंडाळून माझ्याच अंथरुणाखाली सरकवली. "वहिनींना थंडी वाजेल," म्हणाला.

घरी मात्र काही सांगितलं नाही. फोनवर सांगितलं तर बाबा म्हणतील, कशाला, मग मी काहीतरी बोलीन, मग ते काहीतरी बोलतील. त्यापेक्षा मी आपला फाटकाशीच उभा राहीन. त्यांच्या उजव्या बाजूला नाही, डावीकडून येईन, म्हणजे लांबूनच दिसेन. ते वरच्या बाजूला डावा खांदा लावून बसतील, मी खालच्या वाटेवर उजवा. मधून ससासुद्धा जायचा नाही.

आज पगार झाला. गाडीभाडं बाजूला काढलं, खोलीचं दिलं, रायफलीचे उरलेले चारशे दुकानदाराला दिले, आणि पैसे पाठवायच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंना माझा आकडा पाठ झालाय, त्यांनी विचारायच्या आधीच चारशे लिहिले होते. म्हटलं, बाई, खोडा. त्यांनी दोनदा विचारलं. मग काचेतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

म्हटलं, ठीक आहे. आकडा बघितला की बाबांना कळेल बाकीचे कुठे आहेत.

या महिन्यात पाठवले: तीस.